मोटर हूं करते पण फिरत नाही: एका रिवाइंडिंगवाल्याचे व्हिडिओ सर्चमध्ये आणताना काय जमलं, काय फसलं

पार्श्वभूमी

दुकानदाराचं नाव सांगणार नाही, अप्पा म्हणू. नाशिकला दिंडोरी रोडवर म्हसरूळच्या पुढे मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचं दुकान, वीस वर्षं तरी झाली असतील. बाहेर जळालेल्या मोटरींची रांग, आत एक लेथ, एक चहाचा थर्मास आणि भिंतीवर खडूने लिहिलेले फोन नंबर. घरगुती मोनोब्लॉकपासून बागेतल्या सबमर्सिबलपर्यंत सगळं येतं. गिऱ्हाईक मुख्यतः दिंडोरी, पेठ, निफाडचं, थोडं सिन्नरकडचं. मी कॉलेज रोडला वेबसाईटची किरकोळ कामं करतो आणि माझ्या सासऱ्यांची मोटर अप्पांनी दोनदा बांधलीय, ओळख एवढीच.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये अप्पांच्या पुतण्याने युट्यूब चॅनल काढलं. पोरगं हुशार, हातात चांगला फोन, काका बोलायला तयार. ऑगस्ट 2023 मध्ये मी पहिल्यांदा चॅनल नीट उघडून बघितलं तेव्हा 137 व्हिडिओ होते आणि बहुतेकांना दोनशे-तीनशे व्ह्यूज. व्हिडिओतलं काम मात्र एक नंबर. अप्पा कपॅसिटर हातात घेऊन जे समजावतात ते मला इलेक्ट्रिकमधलं शून्य कळत असून कळलं.

अडचण

अडचण एका गिऱ्हाइकाने सांगितली. निफाडकडचा बागायतदार, अप्पांना म्हणाला, शेठ तुमचा तो स्टार्टरचा (मोटर चालू-बंद करायच्या पेटीचा) व्हिडिओ रात्री शोध शोध शोधला, सापडलाच नाही, शेवटी कुठल्यातरी हिंदीवाल्याचा बघून काम भागवलं. अप्पांना ते लागलं. पुतण्याला म्हणाले, "अरे एवढे व्हिडिओ टाकलेस, मग हे जातात कुठे?"

युट्यूब स्टुडिओमध्ये ट्रॅफिक कुठून येतं ते दिसतं. तिथे चित्र स्पष्ट होतं. बहुतेक व्ह्यूज बाहेरून, म्हणजे व्हॉट्सअपवरून, पुतण्या लिंक गावोगावच्या ग्रुपमध्ये टाकायचा तेवढेच. युट्यूब सर्चमधून येणारे शंभरात सहा. म्हणजे ज्याला लिंक मिळाली त्याने बघितलं, आणि ज्याची मोटर रात्री अकराला विहिरीवर बंद पडली त्याला आपण दिसतच नव्हतो. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीत माणूस एका हातात बॅटरी आणि एका हातात फोन धरून शोधत असतो, त्याला ग्रुपमध्ये मागे जाऊन लिंक शोधायला वेळ नसतो.

टायटलं बघितली आणि डोक्याला हात लावला. "अप्पांचा वर्कशॉप भाग 41, सबमर्सिबल मोटर दोष व निराकरण". आता दोष व निराकरण असं कोण बोलतं हो? त्यात भाग 41. शोधणाऱ्याला भाग 40 शी काय घेणं? डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ, खाली नवसाचे पंचवीस हॅशटॅग आणि भरमसाठ शब्दांची यादी, त्यात दोन मोठ्या हिंदी चॅनलांची नावंसुद्धा. पुतण्याला कोणीतरी सांगितलं होतं की टॅग जितके जास्त तितकं वर. खरं तर युट्यूब स्वतःच सांगतं की शोधात टॅगचा वाटा फार थोडा आहे, लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग नेहमी चुकवतात तिथे त्यांचा उपयोग. आणि डिस्क्रिप्शनमध्ये टॅगांचा ढीग ओतणं त्यांच्या स्पॅमच्या नियमात बसतं, म्हणजे फायदा नाहीच, उलट व्हिडिओ काढला जाण्याची भीती.

शिवाय प्रत्येक व्हिडिओ सुरू व्हायचा तो गोदाघाटाच्या ड्रोन शॉटने, मग गणपती, मग "नमस्कार मित्रांनो", मग चॅनलला सबस्क्राईब करा. अप्पा मोटरला हात लावेपर्यंत दीड-पावणेदोन मिनिटं. विहिरीवरचा माणूस तोपर्यंत पळालेला.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय पुतण्याचा होता: सगळं डिलीट करायचं, नवीन नाव, नवीन चॅनल, सगळे व्हिडिओ परत टाकायचे. मी नको म्हटलं. परत टाकला की जुन्या कॉमेंट जातात, बघितल्याचा वेळ जातो आणि ग्रुपांमध्ये पडून असलेल्या सगळ्या लिंक मेल्या. टायटल, डिस्क्रिप्शन, थंबनेल हे सगळं जागच्या जागी बदलता येतं. सुरुवातीचा फाफटपसारासुद्धा स्टुडिओच्या एडिटरमध्ये कापता येतो, लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. हे पुतण्याला माहीतच नव्हतं.

दुसरा पर्याय दुकानात चालत आला. एक जण पॅकेज घेऊन आला, तीन महिन्यात पहिला नंबर गॅरंटी, वर दहा हजार व्ह्यूज फ्री. अप्पा जवळजवळ हो म्हणाले होते, कारण माणूस गोड बोलणारा आणि चहा घेतलेला. मी एवढंच सांगितलं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हे गूगलनेच लिहून ठेवलंय, आणि विकतचे व्ह्यूज युट्यूबच्या नियमात बसत नाहीत. अप्पा म्हणाले, "म्हणजे चोरीच्या तांब्याची तार." हो, तसंच.

तिसरा पर्याय माझा, आणि चुकला तो हाच: वेबसाईट. त्याचं पुढे येईलच.

चौथा, फक्त युट्यूबवरच राहायचं आणि शब्द बदलायचे. पण कोणते शब्द? इथे खरी गंमत होती. स्टुडिओमध्ये सर्चचे शब्द दिसतात, पण ते ज्या शब्दांनी आपण सापडलो तेच. ज्या शब्दांनी सापडलो नाही ते तिथे कसे दिसणार? गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून युट्यूब सर्च लावता येतं, ते करून बघितलं, "मोटर"सारख्या मोठ्या शब्दाला आलेख येतो, पण "स्टार्टर धरत नाही" टाकलं की पुरेसा डेटा नाही म्हणून हात वर.

शब्द कुठे सापडले

अप्पांच्या फोनवर. दिवसाला सहा-सात फोन यायचेच आणि प्रत्येक जण सुरुवातीलाच तक्रार सांगायचा. आम्ही शंभर पानी वही आणली, पेन दोऱ्याने बांधला, आणि पुतण्याला सांगितलं की माणूस बोलतो तसंच्या तसं लिहायचं, शुद्ध करायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्याने शुद्ध करूनच लिहिलं, "मोटर सुरू होण्यास अडचण" वगैरे, ते पान फाडलं. मग पाच आठवडे नीट चाललं, दोनशेच्या वर नोंदी झाल्या.

वहीत काय होतं? मोटर हूं करते पण फिरत नाही. मोटर नुसती गुरगुरते. स्टार्टर धरत नाही (बटण सोडलं की बंद). स्टार्टर पडतो (चालता चालता आपोआप बंद). मोटर चालू आहे पण पाणी मारत नाही. हवा धरली. पाणी आधी येतं मग जातं. डीपीवर फेज गेला होता तेव्हापासून. फुटबॉल पाणी सोडतो. (फूट व्हॉल्व म्हणायचंय, विहिरीतल्या पाईपच्या तळाची झडप, पण बांधावर तो फुटबॉलच. सर्चमध्ये फुटबॉल टाकल्यावर काय येतं ते सांगायला नको.) "दोष" हा शब्द दोनशे नोंदींत एकदाही नाही. "सबमर्सिबल"सुद्धा कमीच, बहुतेक जण "पाण्यातली मोटर" किंवा "बोअरची मोटर".

एक गोष्ट वहीतून कळली नाही, ती दुकानात बसून कळली. वय झालेले शेतकरी टाईप करतच नाहीत, माईकचं बटण दाबून बोलतात. गूगलच्या बोलून शोधण्यात मराठी 2017 पासून आहे. बोललेलं देवनागरीत उमटतं, आणि पूर्ण वाक्य उमटतं, "माझी मोटर चालू होते पण पाणी येत नाही". पोरं मात्र रोमनमध्ये टाईप करतात आणि तिथे घोळ आहे. पाणी आणि हिंदीतलं पानी, दोन्ही रोमनमध्ये पी-ए-एन-आय. मोटर तर सगळ्यांचीच. म्हणजे पोराने मराठीतच विचारलं तरी सर्चला ते हिंदी वाटू शकतं, आणि हिंदी व्हिडिओ ढिगाने असल्यामुळे तेच वर. निफाडच्या त्या बागायतदाराला हिंदीवाला का सापडला त्याचं उत्तर बहुतेक हेच. वेगळेपण दिसतं ते क्रियापदात: "येत नाही", "फिरत नाही", "धरत नाही". हिंदीवाला "नहीं आ रहा" लिहिणार.

काय केलं

निर्णयाचा पहिला मुद्दा लिपीचा होता. टायटल देवनागरीत ठेवायचं का रोमनमध्ये का दोन्ही? टायटलला 100 अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाईलवर त्यातलंही थोडंच दिसतं, दोन्ही कोंबलं तर धड एकही वाचता येत नाही. शेवटी टायटल देवनागरीत, बोलीतलं पूर्ण वाक्य, आणि डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत तेच रोमनमध्ये सरळ वाक्य म्हणून, शब्दांची यादी म्हणून नाही. सगळ्या व्हिडिओंची भाषा सेटिंगमध्ये हिंदी पडली होती, पुतण्याने सुरुवातीला काय निवडलं त्यालाच आठवत नव्हतं, ती मराठी केली. हिंदी टायटल पण लावू म्हणत होता, मी नाही म्हटलं. हिंदी टायटल बघून आलेला माणूस आत अप्पांचं मराठी ऐकून तीस सेकंदात जाणार, आणि शोधून आलेले लोक किती वेळ थांबतात हे युट्यूब मोजतं.

भाग 41 चं नवीन टायटल झालं: "मोटर हूं करते पण फिरत नाही, कपॅसिटर गेला का फेज? कसं ओळखायचं". व्हिडिओत होतंच ते. सिंगल फेजच्या मोटरला उठायला कपॅसिटरचा आधार लागतो, तो कमजोर झाला की मोटर हूं करत बसते. थ्री फेजला एक फेज गेला की तोच आवाज, आणि तसंच बटण दाबून धरलं तर वाइंडिंग जळतं. एकच आवाज, दोन कारणं, आणि अप्पा नवव्या मिनिटाला हे सांगत होते. आम्ही ते कापून पुढे आणलं नाही, तेवढं एडिटिंग आम्हाला झेपत नव्हतं, पण सुरुवातीचा ड्रोन आणि गणपती कापला. गणपती कापल्यावर अप्पा दोन दिवस नाराज होते. मग दुकानातल्या गणपतीची फ्रेम कॅमेऱ्यात मागे दिसेल अशी लावली, विषय मिटला.

मग चॅप्टर. डिस्क्रिप्शनमध्ये वेळा लिहिल्या की व्हिडिओखाली भाग पडतात, त्याला तीन अटी: पहिली वेळ 0:00 च हवी, कमीत कमी तीन वेळा चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदाचा. पुतण्याने पहिल्यांदा 0:05 पासून सुरू केलं आणि भाग पडत नाहीत म्हणून तासभर माझं डोकं खाल्लं. चॅप्टरची नावंही वहीतलीच: "कपॅसिटर कसा तपासायचा", "तिन्ही फेज आहेत का बघा". गूगलच्या निकालात कधीकधी थेट त्या मिनिटावर जायची सोय दिसते ती यातूनही येते.

बारा मुख्य व्हिडिओंना मराठी सबटायटल हाताने टाईप केली, पुतण्याच्या बहिणीने. मागे लेथ चालू असते, अप्पांचं अर्धं बोलणं त्यात जायचं. पुढच्या व्हिडिओंसाठी कॉलर माईक घेतला. हा खर्च सगळ्यात वसूल झाला असं माझं मत आहे, सर्चशी संबंध असो नसो.

थंबनेलवर अप्पांचा फोटो, लाल बाण, तोंड उघडलेलं, अशी स्टाईल होती. युट्यूबमध्ये एकाच व्हिडिओला तीन थंबनेल लावून तुलना करायची सोय आहे, 2024 मध्ये ती आम्हाला मिळाली. ती क्लिक मोजत नाही, बघितलेला वेळ कोणाला जास्त मिळाला ते बघते. उघडलेल्या स्टार्टरच्या आत काळा पडलेला कॉन्टॅक्ट, जवळून काढलेला साधा फोटो, तो जिंकला. माझा अंदाज: माणसाने स्वतःचा स्टार्टर उघडला की त्याला समोर तेच दिसतं. अप्पांचा चेहरा त्याच्या विहिरीवर नसतो.

वेबसाईटचं जे झालं

ऑक्टोबर 2023 मध्ये मी साईट बनवली. विचार असा की गूगलमध्ये लेख पण येईल आणि त्यातला व्हिडिओ पण. वीस लेख, प्रत्येकात मधोमध व्हिडिओ, व्हिडिओचा स्ट्रक्चर्ड डेटा (गूगलला वाचता यावी म्हणून पानाच्या कोडमध्ये लिहिलेली माहिती) नियमाप्रमाणे, नाव, थंबनेलची लिंक, अपलोडची तारीख, तिन्ही सक्तीच्या गोष्टी भरलेल्या, सगळं हिरवं. आणि डिसेंबर 2023 मध्ये गूगलने सांगितलं की व्हिडिओ टॅबमध्ये यापुढे फक्त तीच पानं येणार जिथे व्हिडिओ हाच मुख्य मजकूर आहे. लेखात मधे बसवलेला व्हिडिओ चालणार नाही. सर्च कन्सोलमध्ये (आपली पानं सर्चमध्ये येतात का ते दाखवणारं गूगलचं टूल) आमची वीसच्या वीस पानं त्या कारणाखाली जाऊन बसली.

नशिबाला दोष देऊन चालणार नाही, कारण त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्य निकालांसाठी तसाच नियम आला होता, व्हिडिओ मुख्य नसेल तर थंबनेल दाखवणार नाही. मी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर दोन महिने वाचले असते.

मग प्रत्येक व्हिडिओला वेगळं पान करायचं का हा प्रश्न आला. चार पानं करून बघितली. पान आमचं पण व्हिडिओ युट्यूबचाच बसवलेला, त्यामुळे शोधलं की गूगल युट्यूबचंच पान दाखवायचं, आमचं कशाला दाखवेल? स्वतःच्या सर्व्हरवर व्हिडिओ ठेवायचे तर खर्च आणि ते सांभाळणार कोण. सोडून दिलं. लेख मात्र ठेवले, स्टार्टरच्या वायरिंगचा लेख आजही बऱ्यापैकी उघडला जातो, कारण वायरिंग बघायला चित्र थांबलेलंच लागतं, व्हिडिओ सारखा मागेपुढे करावा लागतो.

एक व्हिडिओ काढून टाकला

हे लिहू का नको असं झालं होतं. वहीत एक तक्रार वरचेवर यायची: "स्टार्टर पडतो, डायरेक्ट करू का?" डायरेक्ट म्हणजे ओव्हरलोड रिले, जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, त्याला वळसा घालायचा, किंवा बटणात काडी खोचून ठेवायची. रात्रीची लाईट जायच्या आत बाग भिजवायची असते, माणूस काहीही करतो. पुतण्याने सर्च बारमध्ये अर्धं टाईप करून बघितलं, खाली सूचना येत होती म्हणजे लोक शोधत होते, आणि मराठीत धड व्हिडिओ नव्हता. त्याने अप्पांकडून तात्पुरता जुगाड म्हणून दाखवून घेतला. व्हिडिओ दोन आठवड्यात चॅनलवरचा सगळ्यात वर गेलेला.

मग एक जण जळालेली मोटर टेम्पोत टाकून आला. वाइंडिंग कोळसा. म्हणाला, अप्पा, तुमचाच व्हिडिओ बघून केलं होतं.

अप्पांनी त्याची मोटर अर्ध्या मजुरीत बांधून दिली आणि पुतण्याला सांगितलं, आत्ताच्या आत्ता काढ. पुतण्या अडून बसला, त्याचंही चुकीचं नव्हतं, वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी चाललं होतं. म्हणाला वर सूचना लिहू, "स्वतःच्या जबाबदारीवर". माझंही मत आधी तसंच होतं, कबूल करतो. अप्पा म्हणाले, "रात्री अंधारात कोण वाचतो सूचना?" व्हिडिओ प्रायव्हेट केला. त्याच शब्दांवर नवीन केला, "स्टार्टर डायरेक्ट करायच्या आधी या तीन गोष्टी बघा": व्होल्टेज किती आहे, तिन्ही फेज आहेत का, आणि रिलेचं सेटिंग नेमप्लेटवरच्या अँपिअरला जुळतं का. बऱ्याचदा स्टार्टर पडतो तो काहीतरी बिघडलंय म्हणूनच पडतो, त्याचं कामच ते. हा व्हिडिओ हळू चढला, जुन्याच्या उंचीला अजूनही गेलेला नाही.

दुसरी चूक

टायटलं बदलायचा मला इतका उत्साह आला की दोन रात्रीत चाळीस बदलली. त्यात एक होता "5 एचपी मोटर रिवाइंडिंग पूर्ण", नुसतं काम, बोलणं जवळजवळ नाही, तार गुंडाळणं, वार्निश, जोडणी. तो शांतपणे बरा चालला होता. त्यालाही मी वहीतलं शेतकरी वाक्य चिकटवलं आणि व्ह्यूज पडले. नंतर ट्रॅफिक बघितलं तर तो सर्चमधून चालतच नव्हता, दुसऱ्या रिवाइंडिंग व्हिडिओंच्या बाजूला सुचवला जायचा, बघणारी बहुतेक आयटीआयची पोरं आणि या धंद्यातलीच माणसं. टायटल परत पहिलं केलं, थोडं सावरलं, पूर्ण नाही. दिवाळीचा आठवडा पण मधे होता, त्यामुळे सगळं टायटलमुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार, पण ट्रॅफिक न बघता हात लावला ही चूक माझीच.

निकाल

साधारण वर्षभराने, म्हणजे 2024 च्या पावसाळ्यानंतर, सर्चमधून येणारे शंभरात सहाचे चाळीसच्या आसपास झाले. सगळे व्हिडिओ नाही चालले. 137 पैकी पंधरा-सोळाच आहेत जे चॅनल ओढतात आणि ते सगळे वहीतल्या तक्रारींचे. बाकीचे जिथे होते तिथेच.

वेळेचाही भाग होता. विहिरींचं पाणी फेब्रुवारीनंतर खाली जायला लागतं तेव्हा "हवा धरली" वाढतं, आणि पावसाळाभर बंद पडलेल्या मोटरी रब्बीला चालू करताना जाम निघतात तेव्हा "हूं करते". मग जाम मोटरचा व्हिडिओ नवरात्रात टाकण्यापेक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच टाकला, म्हणजे लोक शोधायला लागेपर्यंत तो जरा रुळलेला.

धंद्याचं काय? इथे अपेक्षा आणि झालेलं यात फरक पडला. फोन वाढले, पण कुठून? सोलापूर, जळगाव, बीड. अप्पा तिथली मोटर बांधणार आहेत का? नाही. मग फोनवर फुकट सल्ला. रात्री साडेबाराला फोन, "मिस्त्री, लाईट दोनला जाणार आहे, लवकर सांगा." काकू एकदा माझ्यावरच डाफरल्या, "तुमच्यामुळे यांची झोप गेली." शेवटी डिस्क्रिप्शनमधून मोबाईल नंबर काढला, वर पिन केलेल्या कॉमेंटमध्ये लिहिलं की तक्रार कॉमेंटमध्ये टाका, संध्याकाळी उत्तर मिळेल. आणि खरी गिऱ्हाइकं वाढली ती गूगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीमुळे, जी आम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता केली. म्हसरूळ, मेरी, दिंडोरीकडचा माणूस "मोटर रिवाइंडिंग" शोधतो तेव्हा त्याला दुकान पाहिजे असतं, व्हिडिओ नाही.

परत करायचं झालं तर

मॅपची नोंद पहिल्या दिवशी, त्याला एक संध्याकाळ लागते. वेबसाईट नाहीच, किंवा तीन लेख फक्त वायरिंगचे. टायटल बदलायच्या आधी प्रत्येक व्हिडिओ कुठून बघितला जातो ते लिहून काढेन, जो सर्चवर चालत नाही त्याला हात नाही लावणार. एका वेळी पाच, मग तीन आठवडे थांबायचं. चाळीस बदलली तर कशाने काय झालं हे कळायला मार्गच राहत नाही.

वही मात्र तशीच. ती आता दुसरी चालू आहे. फुटबॉलच्या व्हिडिओचं टायटल "विहिरीच्या मोटरचा फुटबॉल पाणी सोडतो" असं केलं, त्यावर दोन पोरांनी मॅचबद्दल कॉमेंट केल्या, पण बांधावरचे लोकही शोधत येतात.

मागच्या महिन्यात पेठकडून एकाचा फोन आला, म्हणाला मोटर कण्हते. पुतण्याने तसंच लिहिलं. अप्पांनी विचारलं कण्हते म्हणजे कशी रे, त्याला सांगता येईना, मग म्हणाले फोन मोटरजवळ धर. दहा सेकंद ऐकलं आणि बेअरिंग म्हणून सांगितलं, निघालंही तेच. तेव्हापासून डोक्यात आहे की नुसत्या आवाजांचा एक व्हिडिओ करायचा, बिघडलेल्या मोटरींचे आवाज एकापाठोपाठ, प्रत्येकाला एक चॅप्टर. रेकॉर्डिंग झालंय, अडलंय चॅप्टरच्या नावांवर, कारण आवाज लोक लिहितात कसा हेच ठरत नाही. वहीत घरघर, खरखर आणि कण्हते असे तीन शब्द आहेत, मी म्हटलं तिन्ही एकातच घालू, तर अप्पा म्हणतात ते तीन वेगळे आजार आहेत.